पहिल्या नंबराचं भांडण

नसीम, ह्या वर्षी माझं आणि गुरुजींचं मत जुळलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं, आणि ते तुला सांगायची सोय राहिली नाही.

गुरुजी हे नाव तुझं. रविवारच्या पुरवणीत दर डिसेंबरात वर्षातली दहा गाणी निवडणाऱ्या त्या समीक्षकाला तू ते ठेवलंस, कारण तो गाण्यांना वर्गातल्या पोरांसारखे नंबर देतो आणि पहिल्या नंबराचा पोरगा नेहमी रडका असतो. एक गिटार, एक मोडलेलं प्रेम आणि शेवटी एक लांब उसासा, एवढं जमलं की गुरुजी खूश. नाचायचं गाणं त्यांनी कधी पहिल्या पाचांत घेतल्याचं मला तरी आठवत नाही. ह्या वर्षी तुझं लाडकं लिफ्टचं गाणं त्यांनी दहाव्या नंबरवर टाकलंय, आणि तेही उपकार केल्यासारखं. वर्षभर कानावर आदळलं म्हणून नाइलाजाने घेतलं, असा एकूण सूर. एकच ओळ घोळवलीय, आवाज मशीनमधून काढलाय, संपल्यावर हाती काही लागत नाही.

मी तुला ऑगस्टपासून दुसरं काय सांगत होते? जवळजवळ हेच शब्द. पण पेपरात वाचलं आणि माझं असं पित्त खवळलं की विचारू नकोस. हा कोण लागून गेला? नसीमच्या गाण्याला नावं ठेवायचा हक्क माझा आहे.

तुला जाऊन काही आठवडेच झालेत. ऑफिसात शोकसभा झाली, तिथे तुझी सगळी नोकरी वाचून दाखवली. सगळं खरं होतं आणि त्यात तू कुठेच नव्हतीस. साहेबांनी तुला शांत आणि समंजस म्हटलं, तेव्हा मी पदर तोंडाला लावला. बाजूच्या बाईला वाटलं रडतेय, तिने पाठीवरून हात फिरवला. मी हसत होते गं. समंजस! उरणच्या रस्त्यावर गाडी कडेला घेऊन, "हे गानं चांगलं हाय असं कबूल केल्याबिगर मी गाडी हलवनार नाय," म्हणणारी बाई समंजस!

ती गाडी हेच आपलं खरं घर होतं. सोसायटी एक, नेरूळला सारसोळ्याच्या बाजूची. तू चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. ऑफिसही एकच, बंदरातून येणाऱ्या मालाची कागदपत्रं करणारं. मला गाडी चालवता येत होती, पण तुझ्या शेजारी बसायची सवय लागली आणि माझी गाडी खाली झाकून ठेवली ती ठेवलीच. रोज जाताना तुझी गाणी, येताना माझी, असा करार होता. तो तू रोज मोडायचीस.

पहिली यादी आपण वाचली ती कंटेनरच्या रांगेत अडकून. गव्हाण फाट्याच्या अलीकडे पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, मधे आपली टीचभर गाडी. मी वेळ जावा म्हणून आदल्या दिवशीची पुरवणी काढली आणि दहा गाणी मोठ्याने वाचली. तू म्हणालीस, "पयलं लाव. बघू तरी काय दिवे लावलेत." मी फोनवर लावलं. तू लगेच काच खाली केलीस. ट्रेलरवाल्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली आणि गुरुजींचं पहिलं गाणं त्यात पार बुडालं.

"हे काय गानं? हॉर्न वाजला की मरतंय."

"मग काच वर कर ना, नसीम."

"काच वर करून ऐकायचं तर घरात बसून ऐकते. रस्त्यावर टिकलं पायजे."

झाली आपली पहिली परीक्षा. रांगेत, काचा खाली, ट्रेलरच्या हॉर्नमध्ये जे ऐकू येईल ते पास. मी म्हटलं, हा निव्वळ अन्याय आहे, हळू गाणारीने काय करायचं? तू म्हणालीस, हळू गाणारीला ऐकायला लोक थांबतात, तिच्यात दम असेल तर ट्रेलरवालापण थांबेल. तेव्हा मला वाटलं तू काहीतरी बोलून मोकळी होतेस. पण पुढच्या वर्षी खरंच एक अगदी हलक्या आवाजाचं गाणं त्या गोंगाटात लख्ख ऐकू आलं आणि तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही ते गाणं तूच लिहिलंयस.

दुसरी परीक्षा तुझ्या माहेरची. उरणजवळ मोऱ्याला तुझ्या मावश्या, म्हणजे तुमच्या खाला, आणि माम्या हळदीला गोल बसून गातात, ढोलकी मिळाली तर मिळाली, नाही तर नुसत्या टाळ्या. तुझं म्हणणं, सगळी वाजंत्री काढून घेतल्यावर बसल्या जागी टाळीवर जे गाता येतं ते गाणं. बाकी सगळी सजावट. मग तू स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरून ते गायचीस आणि मी कान देऊन निकाल लावायची. आवाज तुझा काही गोड नव्हता, थोडा फुटका होता, पण ठेका असा पक्का की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला मान हलवायला लागायचा.

सानियाच्या हळदीला तर तू कमालच केलीस. स्वतःच्या लेकीची हळद, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तू त्या धामधुमीत खालांना त्या वर्षीचं गुरुजींचं पहिलं गाणं शिकवलंस. का, तर माझ्यासमोर गुरुजींची परीक्षा घ्यायची होती. मी त्या गाण्याची बाजू घेतली होती ना. सगळ्या बसल्या. मोठ्या खालाने सूर धरला. पहिली ओळ गेली, दुसरी कशीबशी गेली, तिसरीला खालाने हात हवेतच ठेवून विचारलं, "नसीम, ह्यात टाळी कुठं मारायची गो?"

तू माझ्याकडे वळलीस, हळद लागलेल्या हाताने माझा कान पकडलास आणि म्हणालीस, "गुरुजी नापास." सगळ्या बायका हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. मग खालाने तिचं जुनं गाणं काढलं आणि मी, जिला टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही, त्या गोलात मावळतीपर्यंत बसून राहिले. तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. हे मी तुला कधी बोलले नाही. तुझ्या तोंडावर तुझं कौतुक करायची आपल्यात रीत नव्हती.

मग तो नियम आला. गुरुजी त्यांचा पहिला नंबर लावोत, आपला पहिला आपण लावायचा, आणि दोघींनाही मान्य असेल तरच तो खरा. एकतीस डिसेंबरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्यक्रम असतो, त्याची सुरुवात त्याच गाण्याने करायची. सेक्रेटरी म्हात्रेंना तू हे कसं पटवलंस देव जाणे. ते आधी म्हणायचे, सुरुवात गणपतीच्या गाण्याने करू. तू म्हणालीस, "गनपतीचं लावा की, त्याला कोन नाय म्हनतंय? त्यानंतर आमचं." तेव्हापासून गणपती, मग आपला पहिला नंबर, मग लहान मुलांचे नाच. लोक आपापल्या बाल्कनीत येऊन वाट बघायला लागले. चौथ्या मजल्यावरची आणि दुसऱ्या मजल्यावरची ह्या वर्षी कशावर एक झाल्या, हे ऐकायला.

एक होणं सोपं कधीच नव्हतं. तीस तारखेपर्यंत आपण अडून बसायचो. पण एकही वर्ष आपण तसंच सोडलं नाही, आणि कोणी कोणाला दान म्हणून जिंकू दिलं नाही. माझी आई गेली ते वर्ष आठवतं? आई नोव्हेंबरात गेली. डिसेंबरात मी एका गाण्याचा हट्ट धरला, कारण आई शेवटी शेवटी ते रेडिओवर ऐकायची. मला वाटलं, ह्या वर्षी तरी नसीम मान तुकवेल. सगळेच मला तेव्हा सांभाळून घेत होते. ऑफिसात कोणी आवाज चढवत नव्हतं, नवरा भाजीत मीठ नसलं तरी गप्प जेवत होता. तू गाडी सुरू केलीस आणि म्हणालीस, "आई गेली म्हनून गानं चांगलं झालं काय गो? कडवं बघ त्याचं, कुठून कुठं जातंय." मी इतकी चिडले की नेरूळपासून ऑफिसच्या गेटपर्यंत तुझ्याशी भांडले. कडव्याची बाजू घेतली, चालीची घेतली, तुझ्या कानांचा उद्धार केला. गेटवर उतरले तेव्हा ध्यानात आलं की तेवढा वेळ मी नुसतं भांडत होते आणि मला बरं वाटत होतं. त्या महिन्यात मला जिवंत माणसासारखं वागवणारी तू एकटी होतीस. तुझे आभार मानायचे राहिले, ते आज मानते.

गाणं तू नाकारलंसच. पहिला नंबर तिसऱ्याच गाण्याला गेला.

आणि ऑगस्टात तू लिफ्टचं गाणं घेऊन आलीस. तो पोरगा, ती त्याच इमारतीतली मुलगी, दोघं लिफ्टमध्ये, आणि तिला उतरायला उशीर व्हावा म्हणून तो सगळ्या मजल्यांची बटणं दाबतो. बस, एवढंच. मजल्यांचे आकडे म्हणत जातो आणि मधे ती एक ओळ. मी म्हटलं, "नसीम, हे गाणं आहे की सोसायटीची पाटी?" तू स्टिअरिंगवर थाप मारून हसलीस आणि परत लावलंस. तेव्हा तुझ्या तपासण्या सुरू झाल्या होत्या. सप्टेंबरात तू गाडी चालवणं बंद केलंस, मग माझ्या गाडीवरचं कव्हर निघालं आणि तू माझ्या शेजारी बसायला लागलीस, वाशीच्या इस्पितळात जायला. रस्ता बदलला, पण गाणं तेच.

इस्पितळातही तू थांबली नाहीस. सलाइन बदलायला आलेल्या नर्सला तू न्यायाधीश केलंस. "सिस्टर, खरं सांगा, लिफ्टवालं गानं कसं वाटतं?" ती म्हणाली, "मस्त आहे, आमच्या हॉस्टेलला सगळ्या नाचतात." तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ. शिकलेली पोरगी हाय." मी म्हटलं, ती पेशंटचं मन राखतेय. तू म्हणालीस, मग तूपण राख की. मी म्हटलं, मी नर्स नाही. तुझे मिस्टर, अन्वरभाई, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आपल्या दोघींकडे बघत होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

शेवटचं तू मला घरी भेटलीस. उशीला टेकून बसली होतीस, मी केलेली पेज तशीच पडली होती. तू म्हणालीस, "ह्या वर्षी लिफ्टचंच पयलं. ठरलं." मी म्हटलं, "आधी बरी हो, मग भांडू." तू म्हणालीस, "मग कशाला? आत्ता भांड." तुला दम लागत होता. मी भांडले नाही, पांघरूण नीट केलं. त्यात मी काही वाईट केलं असं मला वाटत नाही. पण भांडण तिथेच राहिलं.

तर आता अडचण ऐक. यादी आली त्याच आठवड्यात म्हात्रे घरी आले. चपला काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, नसीममॅडमचं लिफ्टवालंच गानं पयलं लावू ना? तेवढीच श्रद्धांजली व्हईल." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हटलं, सांगते. खाली गेले तर वॉचमनपासून सगळ्यांचं ठरलेलं, ह्या वर्षी लिफ्टचं. सगळ्या सोसायटीने तुला एकमताने जिंकवून टाकलं होतं. मी सोडून.

मी आधी वर तुमच्याकडे गेले. घरात दुःख आहे, खाली गाणी लावायची की नाही हेच आधी विचारायला हवं होतं. अन्वरभाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लावा. पोरांचा दिवस हाय तो. आमी खाली नाय येनार, पन खिडकी उघडी ठेवू. तिला आवडलं असतं." सानिया मला आत घेऊन गेली. तुझ्या पलंगावर बसून म्हणाली, "मावशी, मम्मीला ते गाणं एवढं का आवडायचं, मला आता कळलं. सगळ्या मजल्यांची बटणं दाबायची, म्हणजे उतरायला वेळ लागेल. तिला पण तेच पायजे होतं गं." आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला जवळ धरलं, हो म्हटलं, मीही रडले.

तुला मात्र खरं सांगते. मला हे पटलेलं नाही. हे ऐकून तू भडकली असतीस. मी तुला एकदा सरळ विचारलं होतं, ह्या गाण्यात आहे काय? तू म्हणालीस, "नाचता येतं. आनखी काय पायजे?" तू आजारी होतीस म्हणून आता तुझ्या आवडीलाही आजार चिकटवायचा का? तुला ते धमाल वाटलं, एवढं पुरे आहे. सानिया तुझी लेक आहे, तिला जे सापडलं ते तिला राहू दे, तिच्याशी मी कधी वाद घालणार नाही. पण तुझी बाजू कोणीतरी सांभाळायला हवी ना. तू एक नाचायचं गाणं आवडणारी बाई होतीस. अगदी जाईपर्यंत.

राहता राहिलं माझं मत. तू गेलीस म्हणून पहिला नंबर दिला, तर आईच्या वर्षीचं तुझं बोलणं मी धुळीला मिळवलं. आणि नाही दिला, तर सोसायटी म्हणेल, केवढी दगड आहे ही बाई. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी म्हटलं, परीक्षा घेऊ. रीतसर.

सुट्टी होती तरी गाडी काढली आणि एकटी उरणच्या रस्त्याला लागले. फाट्याला रांग मिळाली, ती कुठे जाते. काचा खाली केल्या, गाणं लावलं. हॉर्न सुरू झाले. आणि नसीम, तुझं गाणं टिकलं. प्रामाणिकपणे सांगते, आकडे खणखणीत ऐकू येत होते, शेजारच्या ट्रेलरच्या क्लीनरने वरून वाकून बघितलं आणि अंगठा दाखवला. पहिल्या परीक्षेत पास.

मग दुसरी. मी गाणं बंद केलं, स्टिअरिंगवर बोटं ठेवली आणि गायला तोंड उघडलं. मला गाता कुठे येतं? ठेका चुकला, ओळ चुकली, आवाज निघाला तो भलताच. पुन्हा करून बघितलं. तुझ्या खाला आहेत तुमच्या घरी, पण असल्या दिवसांत त्यांना कोण म्हणणार, गाऊन दाखवा. ते गाणं टाळीवर उभं राहतं की नाही हे सांगणारी तू होतीस, आणि तूच नाहीस. मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि मोठ्याने रडले. ट्रेलर निघून गेले, मागचे हॉर्न देत होते, देऊ दे म्हटलं. तुझी आठवण येते, नसीम. घरात येते, ऑफिसात येते, पण त्या रस्त्यावर ती सहन होत नाही.

एकतीसला संध्याकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या लागल्या. गणपतीचं झालं. म्हात्रेंनी माइक हातात धरला आणि माझ्याकडे बघितलं. वर बाल्कनीत सगळी सोसायटी उभी होती, चौथ्या मजल्यावर तुमची खिडकी उघडी होती, दिवा चालू होता. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "लिफ्टचं लावा. पण दोन नंबर म्हणून सांगा."

"आनि पयलं?"

"पहिलं ठरलं नाही अजून."

म्हात्रेंनी काय समजायचं ते समजून घेतलं, घसा साफ केला आणि माइकवर म्हणाले, "ह्या वरसाचा पयला नंबर अजून ठरलेला नाय. दोघी मॅडमचं भांडन चालू हाय." मग वरून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्या बाल्कन्यांमधून टाळ्या आल्या. तुमच्या खिडकीत अन्वरभाई आणि सानिया उभे होते.

मग तुझं गाणं लागलं. पोरं नाचली, म्हात्रेंची बायको नाचली, आकडे आले की सगळी सोसायटी एका सुरात मजले मोजत होती. माझेही पाय हलले, ते लपवत नाही. पण पायांचं काय, ते कशावरही हलतात.

गाणं मला अजून आवडलेलं नाही, नसीम. एकच ओळ आहे आणि आवाज मशीनचा आहे. तुला आता दम लागत नाही, मीही आता हातचं राखून बोलणार नाही. बोल, काय म्हणणं आहे तुझं?